अज्ञात वाहनाची 'हूल' आणि निष्काळजीपणाची शाबिती

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हावार्तांत एक वाक्य वारंवार वाचावयास मिळते. समोरून येणाऱ्या अज्ञात वाहनाने हूल दिल्यामुळे चालकाचा ताबा सुटला आणि मोटार रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. वाचक ते वाचून पुढे जातो. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र हे एक वाक्य राहात नाही. त्यात निदान चार विधाने गुंफलेली आहेत. असे वाहन तेथे खरोखर होते, हे पहिले. त्याच्या चालकाने वाजवीपेक्षा वेगळे काही केले, हे दुसरे. त्या कृत्यामुळेच ताबा सुटला, हे तिसरे. आणि ताबा सुटलेल्या चालकाची स्वतःची काहीही चूक नव्हती, हे चौथे. ते उच्चारले जात नाही, पण सर्व भिस्त त्यावरच असते. यांपैकी कोणते विधान कोणी सिद्ध करावयाचे, कशाने करावयाचे, आणि एखादे सिद्ध न झाल्यास नुकसान कोणाच्या पदरी पडावयाचे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ पंडिती वादाचा नव्हे. तीस वर्षे वयाचा, महिना वीस हजार रुपये मिळविणारा, स्वतंत्र व्यवसाय करणारा एक गृहस्थ दुसऱ्याच्या मोटारीतून जात असता अशा अपघातात मरण पावला आणि त्याच्यावर अवलंबून असणारी चार माणसे मागे राहिली, असे समजावे. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास, सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या रीतीने हिशेब होतो. उत्पन्नात भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवून, मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून, वार्षिक आकड्याला सतराने गुणिले असता केवळ अवलंबित्वाच्या हानीची रक्कम ४२ लाख ८४ हजार रुपये येते. निष्काळजीपणा सिद्ध करावयाचाच नाही असे ठरविल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या नव्या कलम १६४ अन्वये ठराविक ५ लाख रुपये मागता येतात. आणि सर्व दोष त्या पळून गेलेल्या अज्ञाताचाच मानून कलम १६१ खालील योजनेकडे वळल्यास मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. एकाच अपघाताचे हे तीन आकडे आहेत. त्यांतील कोणता विधवेच्या हाती पडेल, हे बहुधा त्या 'हुली'च्या कथेवर न्यायाधिकरणाचा विश्वास बसतो की नाही यावर ठरते.

कलम १६६ खालील दाव्यात ज्याच्याविरुद्ध भरपाई मागावयाची त्या वाहनाच्या चालकाचा निष्काळजीपणा दावेदाराने सिद्ध केला पाहिजे, हा नियम पक्का आहे. मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या १९७७ च्या निर्णयात तो स्पष्टपणे सांगितला गेला. त्या नियमाची धार कमी करण्याकरिता १९८२ मध्ये निर्दोष दायित्वाची तरतूद कायद्यात घालण्यात आली. पण नियम मात्र कायम राहिला. त्याची झळ कशी लागते याचे उदाहरण ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध प्रेमलता शुक्ला (२००७) या प्रकरणात आढळते, आणि ते प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. एका टेंपो ट्रॅक्सची व एका मालट्रकची टक्कर झाली. ट्रॅक्समधील प्रवासी मरण पावला. ट्रकचा क्रमांक कोणास कळला नाही. साहजिकच दावा ट्रॅक्सचा मालक व विमा कंपनी यांच्यावर झाला. अपघात घडला हे दाखविण्यासाठी दावेदारांनी पोलिसांकडील प्रथम खबर दाखल केली. आणि त्याच खबरेत ट्रकच्या चालकाने भरधाव व बेपर्वाईने वाहन चालविल्याचे नमूद होते. खबरेचा सोयीचा भाग घ्यावयाचा आणि गैरसोयीचा भाग सिद्ध झालेला नाही म्हणावयाचे, असे दावेदारास करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. ट्रॅक्सच्या चालकाचा दोष दाखविणारे दुसरे काही समोर नसल्याने दावा टिकला नाही.

या निर्णयातून काही वकील असा अर्थ काढतात की, खबरेत अज्ञात वाहनाचे नाव आले की ज्ञात वाहनाविरुद्धचा दावा बुडाला. हा अर्थ बरोबर नाही. न्यायालयाने एवढेच सांगितले की, ज्याने कागद पुढे केला त्याने तो सबंध पत्करला पाहिजे. खबर देणारा कोण होता, त्याने काय पाहिले, ती खबर दावेदाराच्या वतीने पुराव्यात आली की विरुद्ध बाजूने आणली, हे प्रश्न प्रत्येक प्रकरणी निराळे असतात. अपघातग्रस्त वाहनाच्या चालकाने स्वतःच खबर दिली असेल तर तिचे स्वरूप द्विविध असते. त्याने स्वतःविरुद्ध कबूल केलेली गोष्ट त्याला बांधून ठेवते. स्वतःच्या सोयीचे जे लिहून ठेवले ते मात्र केवळ पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत उतरले म्हणून सत्य ठरत नाही. त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उलटतपासणीस सामोरे गेले पाहिजे. व्यवहारात असे दिसते की, विमा कंपन्या लेखी कैफियतीत हुलीचे वर्णन सविस्तर करतात आणि चालकाची साक्ष मात्र घेतच नाहीत. तसे झाल्यास ते वर्णन म्हणजे निव्वळ कैफियत होय, पुरावा नव्हे.

चालक गप्प राहिला तर काय होते, हे पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग ॲण्ड प्रेसिंग कंपनी या १९७७ मधील निर्णयाने दाखवून दिले. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी मोटार रस्त्याच्या उजव्या बाजूला उतरून, पक्क्या भागापासून सुमारे चार फुटांवर असलेल्या झाडावर आदळली. रस्ता सरळ, सुमारे पंधरा फूट रुंदीचा, खडीचा होता. दोन्ही बाजूंस पडीक व सखल जमीन. आघात एवढा की झाड उखडले व मोटारीचे यंत्र जागेवरून सरकले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार न्यायालयापुढे नव्हता. अपघातानंतर स्थळ पाहिलेल्या नातलगाची साक्ष तेवढी होती. तरीही न्यायालयाने चालकाचा निष्काळजीपणा मानला, तो 'रेस इप्सा लोकिटर' या तत्त्वाने, म्हणजे वस्तुस्थिती स्वतःच बोलते या तत्त्वाने. मोटार सर्वस्वी चालकाच्या ताब्यात असते आणि काळजीपूर्वक हाकलेली मोटार सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाही. ती का गेली हे चालकासच ठाऊक असणार. दावेदारास ते ठाऊक असण्याचा संभव नाही. तेव्हा आपली चूक नव्हती, किंवा चूक नसतानाही अपघात घडणे अधिक संभाव्य होते, हे प्रतिवादीने दाखवावे, असे न्यायालयाने म्हटले. विशेष माहितीतील गोष्टीचा भार ती माहिती असणाऱ्यावर टाकणारे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे कलम १०६ ह्याच बुद्धीने लिहिलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०९ म्हणून आले आहे.

याच्या नेमके उलट टोक हाँगकाँगच्या एका प्रकरणात पाहावयास मिळते. एक प्रवासी बस दुभाजक ओलांडून पलीकडच्या मार्गावर गेली आणि समोरून येणाऱ्या लहान बसवर आदळली; त्या लहान बसमधील एक इसम ठार झाला व काही जखमी झाले. वादींनी वस्तुस्थितीच बोलते असे म्हणून आपली बाजू संपविली. बसचालकाने मात्र साक्ष दिली: एक मोटार अचानक आपल्या मार्गिकेत घुसली, तिला चुकविण्यासाठी ब्रेक दाबून बस उजवीकडे वळविली, आणि बस घसरली. ती मोटार कधीच सापडली नाही. खालच्या न्यायालयाने चालकास दोषी धरले. अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि १९८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अपील न्यायालयाचे मत उचलून धरले. शाबितीचा भार अखेरपर्यंत वादीवरच राहतो. प्रतिवादी गप्प बसला तर वस्तुस्थितीवरून काढलेले अनुमान त्याच्याविरुद्ध पुरे पडते. पण त्याने स्पष्टीकरणाचा पुरावा दिला की तो पुरावा तोलून पाहिलाच पाहिजे. क्षणार्धात ओढवलेल्या संकटात माणसाने केलेली कृती नंतर निवांतपणे बसून मोजलेल्या मापाने तपासावयाची नसते, हेही तेथे लक्षात घेतले गेले. हा विचार जुनाच आहे. १८१६ मध्ये घोड्याच्या प्रवासी गाडीचा लगामाचा पट्टा तुटल्यावर जीव वाचविण्यासाठी उडी टाकून पाय मोडून घेतलेल्या उतारूस इंग्लंडच्या न्यायालयाने भरपाई नाकारली नव्हती.

नागपूर–पांढुर्णा मार्गावरील निर्णयात भार प्रतिवादीकडे सरकतो आणि हाँगकाँगच्या निर्णयात तो सरकत नाही, असा भेद अभ्यासक दाखवितात. तो भेद खरा असला तरी त्याचे महत्त्व मर्यादित आहे. दोन्ही पारडी अगदी समतोल राहिली तरच भार कोणाचा यावर निकाल फिरतो. हुलीच्या प्रकरणांत पारडी सहसा समतोल राहात नाहीत, कारण रस्ता, टायर आणि मोडलेला पत्रा हे काही ना काही बोलतच असतात. शिवाय भारतातील न्यायाधिकरणांपुढे फौजदारी खटल्याइतकी निःसंशय शाबिती लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहावयाचे, असे विमलादेवी प्रकरणात (२००९) पुन्हा सांगितले गेले. चालक फौजदारी न्यायालयातून सुटला म्हणून दावा फेटाळावा असेही नाही; १९८० च्या एन. के. व्ही. ब्रदर्स प्रकरणाने तो गैरसमज दूर केला आहे. उलट, वस्तुस्थितीच बोलते हे तत्त्व फौजदारी दोष सिद्ध करण्यासाठी जसेच्या तसे लावता येत नाही, हे सय्यद अकबर प्रकरणात (१९७९) ठरलेले आहे. एकाच अपघातात दोन न्यायालये दोन निष्कर्षांवर आली तर त्यात विसंगती मानण्याचे कारण नाही.

आता मुख्य प्रश्न उरतो. हुलीची कथा खरी की रचलेली, हे ओळखावयाचे कसे?

पहिली कसोटी काळाची आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमींना मदत करून जवळच्या पोलीस ठाण्यास अपघाताची हकीकत कळवावयाची असते. खरोखर हूल मिळालेला माणूस पहिल्याच भेटीत, जमलेल्या गावकऱ्यांना, डॉक्टरांना, पोलिसांना तेच सांगतो. रुग्णालयाच्या नोंदीत 'गाडी झाडाला धडकली' एवढेच असेल, पंचनाम्यात दुसऱ्या वाहनाचा उल्लेखच नसेल, आणि वर्षभराने कैफियतीत ट्रक अवतरत असेल, तर न्यायाधीशाने साशंक होणे स्वाभाविक आहे. अर्थात बेशुद्ध झालेल्या चालकाच्या मौनास हा नियम लावता येणार नाही. खबर देण्यास झालेला विलंब एवढ्यावरून दावा फेटाळू नये असे रवी विरुद्ध बद्रीनारायण (२०११) मध्ये सांगितले गेले, त्यामागेही हाच विचार आहे: अपघातानंतर माणूस आधी दवाखाना गाठतो, पोलीस ठाणे नव्हे.

दुसरी कसोटी दिशेची. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. समोरून कोणी दुसऱ्याला मागे टाकताना अंगावर आला तर चालक स्वभावतः डावीकडे, साइडपट्टीकडे वळतो. त्याची मोटार उजवीकडच्या झाडावर सापडली, तर हुलीची कथा अशक्य ठरत नाही. डावीकडे उतरलेले चाक परत रस्त्यावर घेताना चालक कधी कधी उजवीकडे जास्त वळवितो. पण त्याची खूण डाव्या साइडपट्टीच्या मातीत उमटलेली असावयास हवी. चालक पेंगला असेल तर वेगळेच चित्र दिसते. मोटार अगदी लहान कोनाने, हळूहळू रस्ता सोडते आणि ब्रेकची खूण बहुधा सापडतच नाही. हूल चुकविणाऱ्या मोटारीचे वळण मात्र तीव्र असते. पंचनाम्यात 'मोटार झाडास धडकलेल्या अवस्थेत' एवढे लिहून पंचांच्या सह्या घेतल्या, आणि रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर, खुणांची लांबी, साइडपट्टीची स्थिती काहीच टिपले नाही, तर ही सगळी माहिती पहिल्या पावसाबरोबर वाहून जाते. पंचनाम्याच्या लेखनाचा दर्जा हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारा भाग आहे.

तिसरी कसोटी वेगाची, आणि येथे साधे गणित कामास येते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद धरला आणि कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणगुणांक ०.७ मानला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार थांबण्यास अंदाजे ४५ मीटर लागतात. ताशी ९० वेगास सुमारे ८३ मीटर. वेग दीडपट होताच अंतर जवळजवळ दुप्पट होते. उलट दिशेनेही हिशेब मांडता येतो. ब्रेकची खूण ३० मीटर असेल आणि तिच्या शेवटी मोटार थांबली असेल, तर सुरुवातीचा वेग ताशी ७३ च्या आसपास होता. खुणेच्या शेवटी झाड असेल तर त्याहून नक्कीच अधिक, कारण उरलेला वेग झाडाने शोषलेला असतो. आधुनिक मोटारींतील चाक न अडकू देणाऱ्या ब्रेकमुळे या खुणा फिकट पडतात. म्हणून केवळ खूण नाही यावरून ब्रेक लावला नाही असे अनुमान आता काढता येत नाही. त्याऐवजी अनेक मोटारींत शेवटच्या काही सेकंदांतील वेग व ब्रेक यांची नोंद यंत्रातच राहते. भंगारात निघण्यापूर्वी ती काढून घेण्याची तसदी कोणी घेतली तर!

वेगाचा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. हूल खरी ठरली तरी चालक आपोआप निर्दोष ठरत नाही. इतर सर्व लोक रस्त्यावर शहाण्यासारखे वागतील असे गृहीत धरून वाहन हाकण्याचा कोणास अधिकार नाही, हे मत इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधील न्यायमूर्ती लॉर्ड अथ्वाट यांनी १९४९ च्या अप्सन प्रकरणात व्यक्त केले होते. ज्या राज्यमार्गावर समोरचा ट्रक दुसऱ्याला मागे टाकताना अंगावर येणे ही नित्याची गोष्ट आहे, तेथे ती अपेक्षित गोष्टच म्हटली पाहिजे. ताशी ६० वेगाने जाणारा काळजीवाहू चालक जी हूल साइडपट्टीवर उतरून पचवितो, तीच हूल ९० वेगाने जाणाऱ्यास झाडावर नेते. अशा वेळी अपघाताची कारणे दोन होतात, आणि दोन्ही चालक दोषी ठरतात.

येथेच दावेदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा येतो, आणि तो पुष्कळदा हातचा निसटतो. मृत वा जखमी व्यक्ती स्वतः चालक नसून प्रवासी असेल, तर दोन चालकांच्या एकत्रित चुकीस संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात. ज्यात दावेदाराची स्वतःची चूक मिसळते तो सहभागी निष्काळजीपणा निराळा. हा भेद टी. ओ. अँथनी प्रकरणात (२००८) नीट उलगडला आहे. आणि खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स (२०१५) या निर्णयाप्रमाणे संयुक्त निष्काळजीपणात दावेदारास सर्व भरपाई कोणाही एका दोषी पक्षाकडून मागता येते. आपसांतील वाटणी त्यांनी नंतर पाहावी. अज्ञात ट्रकचालकाचा दोष ऐंशी टक्के आणि मोटारचालकाचा वीस टक्के ठरला, तरी प्रवाशाच्या विधवेस मोटारीच्या मालकाकडून सबंध रक्कम मिळू शकते. म्हणून 'हूल होती की नव्हती' याच वादात सर्व शक्ती खर्च करणे हे दावेदाराचे डावपेच म्हणून चुकीचे आहे. ट्रक होता असे वादापुरते मानूनही मोटारीच्या चालकाने कोणती काळजी घेतली नाही हे दाखविले, तर प्रेमलता शुक्ला प्रकरणातील अडचण उद्भवत नाही. विमा कंपनीची जबाबदारी हा मात्र स्वतंत्र प्रश्न. केवळ कायद्यापुरती किमान पॉलिसी असेल तर फुकट नेलेल्या सहप्रवाशाची जोखीम तीत येत नाही, आणि मग वसुली मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते.

मृत व्यक्ती स्वतःच चालक असेल तर हा मार्ग बंद आहे. आपल्याच वाहनाच्या विमा कंपनीविरुद्ध आपण तिऱ्हाईत होऊ शकत नाही. मागून आणलेली मोटारसायकल असली तरी ती चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, हे निंगम्मा (२००९) आणि रामखिलाडी (२०२०) या निर्णयांनी स्पष्ट केले आहे. अशा कुटुंबास मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, ज्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाख करण्यात आली, आणि कलम १६१ खालील योजना एवढेच उरते. याच कोंडीतून एक अपप्रवृत्ती जन्म घेते. खबरेत 'अज्ञात वाहन' लिहिलेले असते आणि काही महिन्यांनी ओळखीच्या कोणाचे तरी विमा असलेले वाहन त्या जागी उभे केले जाते. असे दावे उघडकीस आल्याने न्यायाधिकरणे खऱ्या दावेदारांकडेही संशयाने पाहू लागतात, ही त्यातील खरी हानी.

कलम १६१ खाली निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटू शकली नाही त्याच्या वापरातून अपघात उद्भवला, एवढे दाखविले की पुरे. १९८२ मध्ये या तरतुदीने मृत्यूबद्दल ५,००० रुपये दिले. १९८८ च्या अधिनियमात ते ८,५०० झाले, १९९४ मध्ये २५,०००, आणि १ एप्रिल २०२२ पासून २ लाख. गंभीर दुखापतीस ५० हजार. प्रत्यक्ष स्पर्श झाला पाहिजे असे व्याख्येत कोठेही म्हटलेले नाही. अमेरिकेतील कित्येक राज्यांत, खोट्या कथांना आळा म्हणून, अज्ञात वाहनाचा स्पर्श झालाच पाहिजे किंवा स्वतंत्र साक्षीदार हवा अशी अट विमा पॉलिसीत असते. भारतीय कायद्यात वाहनाच्या 'वापरातून उद्भवलेला' हे शब्द आहेत. सातारा जिल्ह्यात १९८७ मध्ये उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा स्फोट टकरीनंतर सुमारे चार तासांनी झाला, तरी ती हानी टँकरच्या वापरातूनच उद्भवली असे १९९१ मध्ये शिवाजी दयानू पाटील प्रकरणात ठरले. त्या न्यायाने नुसती हूलही या शब्दांत बसावयास हरकत नाही.

'वाजवी प्रयत्न' दाखविण्याचे महाराष्ट्रातील नेहमीचे साधन म्हणजे पोलिसांचा 'अ' समरी अहवाल: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. त्याचे मोल मात्र त्यामागील तपासाइतकेच. टोलनाक्याची चित्रे व फास्टॅगच्या नोंदी, पेट्रोलपंपावरील कॅमेरे, ढाब्यावरच्या माणसांचे जबाब घेतले असतील तर अहवाल बोलका असतो. चालकाच्या एकट्या जबाबावर तो आधारलेला असेल तर तो पुन्हा त्याच जबाबाची नक्कल ठरतो. पुढे कधी त्या वाहनाचा छडा लागला आणि त्याच्याविरुद्ध कलम १६६ खाली भरपाई मंजूर झाली, तर योजनेतून मिळालेली रक्कम कलम १६३ प्रमाणे तीतून परत करावी लागते. त्या दुसऱ्या दाव्यात निष्काळजीपणाचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहतो, आणि त्याचा निवाडा पहिल्या दिवशी रस्त्यावर लिहिलेल्या त्याच पंचनाम्यावरून करावा लागतो.